जमिनीत घर बांधलं, त्याची विहीर झाली (सोलापूरकरांनो, सल्ला द्या)

माळावरचा | १८ ऑक्टोबर २०२०

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचक होतो. गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्त्यावरून आत, आमची थोडी माळाची जमीन आहे. वर मुरूम, खाली खडक, आणि उताराच्या शेवटी ओढा. ओढ्याकडची दोन एकर तेवढी काळी. मे महिन्यात दुपारी तिथं पत्र्याच्या शेडात तासभर बसून बघा, मी हे उद्योग का केले ते आपोआप कळेल. ४३-४४ अंशांत पंखा गरम हवाच तोंडावर मारतो. म्हणून माळाच्या उतारात घर बसवायचं ठरवलं. तीन बाजूंनी माती, डोक्यावर दीड फूट माती, उत्तरेचं तोंड उघडं. ३० बाय २०, भिंती आणि स्लॅब दोन्ही आरसीसी. अजून गारवा मिळावा म्हणून फरशी अंगणापेक्षा दोन फूट खाली घेतली.

जानेवारीत खोदाई झाली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅब पडला. मग लॉकडाउन. गवंडी गावी गेले. नंतर कसाबसा एक जेसीबीवाला मिळाला, त्यानं हाताला लागेल ती माती भिंतीच्या कडेनं ढकलून दिली. बाहेरून भिंतीला डांबराचे दोन हात, स्लॅबवर कोबा. ठेकेदार म्हणाला, "सोलापुरात पाऊस पडतोय तरी किती? एवढं बास." मलाही पटलं. खोटं कशाला बोलू.

जून ते सप्टेंबर घरात एक थेंब नाही. १४ तारखेच्या मुसळधार पावसात काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. १५ ला सकाळी कुलूप काढलं तर घरात घोट्याच्या वर पाणी. गादी तरंगत होती. मोटार लावून उपसलं, संध्याकाळी परत तेवढंच. आज पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी येतंय.

ठेकेदार आता म्हणतो आतून केमिकल मारू. मेव्हणे म्हणतात वरची माती काढा आणि पत्रा ठोका. काय करावं?

बार्शीलाइट | १८ ऑक्टोबर २०२०

तू घर नाही बे, विहीर खणलायस. वर स्लॅब टाकलास एवढंच. विहिरीच्या अनुदानात बसतंय का बघ.

(गंमत केली. गादीचं वाचून वाईट वाटलं.)

शेंगाचटणी | १९ ऑक्टोबर २०२०

वाचतोय. जुळे सोलापुरात बंगला बांधायचा आहे, खाली गाडीसाठी तळघर घ्यायचा विचार होता. आठ फुटांपर्यंत नुसती काळी माती आहे. हा धागा वाचून हात थरथरायला लागलेत.

गळतीबंद | १९ ऑक्टोबर २०२०

साहेब, खणायची काही गरज नाही. आतून भिंतीला भोकं पाडून पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन द्यायचं. पाणी लागलं की ते फुगतं आणि फट भरून काढतं. दोन दिवसांत काम. व्यनि (खासगी निरोप) करा.

तुळई | १९ ऑक्टोबर २०२०

माळावरचा, आधी प्रश्न विचारते, मग सल्ला. पाणी नेमकं कुठून येतंय? छतातून, भिंतीच्या मधून, की फरशी आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यातून? दक्षिणेच्या, म्हणजे चढाच्या बाजूनं जास्त येतंय का? पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं आलं? आणि भरावात कुठली माती घातली, मुरूम की काळी?

माळावरचा | १९ ऑक्टोबर २०२०

ताई, छतातून फक्त हवेच्या पाइपाभोवती, तेही थेंब थेंब. खरं पाणी फरशी-भिंतीच्या सांध्यातून येतंय, आणि दक्षिणेच्या भिंतीवर फरशीपासून फूटभर वर एक आडवी रेघ आहे तिथून. पाऊस दुपारपासून होता, पाणी रात्रीत आलं असावं. भरावाला काळी माती घातली, ओढ्याकडून आणली. मुरूम खोदाईतून निघालेला, तो रस्त्याला टाकला.

तुळई | २० ऑक्टोबर २०२०

काळी माती भिंतीला आणि मुरूम रस्त्याला! उलटं केलं असतं तर निम्मा धागा वाचला असता.

नीट सांगते. मुरूम-खडकात खोदलेला खड्डा हा हौद असतो. आजूबाजूचा खडक पाणी सावकाश पितो, तुमचा सैल भराव मात्र लगेच पितो. म्हणजे माळावरून उतरणारं पाणी भिंतीलगतच्या त्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात शिरतं, आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नाही. वरच्या अंगाची नुसती ५ गुंठे जमीन धरा. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० हजार लिटर. १० हजारांचे पाच टँकर तुमच्या भिंतीमागं रिकामे केल्यासारखं. त्यातलं थोडंच मुरलं तरी पुरे आहे.

आता दाब बघा. भिंतीमागं १ मीटर पाणी उभं राहिलं की तळाशी दर चौरस मीटरला १ टन जोर लागतो. डांबराचे दोन हात ओल अडवतात, हा जोर अडवत नाहीत. ओल अडवणं वेगळं आणि दाबाचं पाणी अडवणं वेगळं, आपल्याकडे दोन्हीला वॉटरप्रूफिंग हाच शब्द आहे म्हणून घोटाळा होतो.

ती आडवी रेघ म्हणजे बांधकामाचा सांधा. आधी राफ्ट (तळाचा सलग स्लॅब) आणि फूटभर भिंत ओतली, पुढची भिंत काही दिवसांनी. जुन्या काँक्रीटला नवं काँक्रीट कधीच एकजीव होत नाही. त्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी उभी गाडायची असते. घातली होती का? बहुतेक नाही.

"सोलापुरात पाऊस पडतोय किती" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, कबूल. पण तो रोज थोडा थोडा पडत नाही. परतीचा पाऊस आला की दोन दिवसांत वर्षाचा हिशोब उरकतो. आणि गळतीला वर्षाची सरासरी कळत नाही, तिला ती एक रात्र पुरते.

गळतीबंद, तुमचं तंत्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही. शहरात शेजारच्या इमारतीला चिकटून तळघर असेल, बाहेरून खणताच येत नसेल, तिथं इंजेक्शनच करावं लागतं. पण इथं बाहेर मोकळं रान आहे. आतून एक फट बुजवली तर मागचं पाणी जात नाही, ते पुढची फट शोधतं. आणि आतून मारलेला रंग, केमिकल वगैरे मागच्या दाबानं पापुद्र्यासारखं सुटतं.

गळतीबंद | २० ऑक्टोबर २०२०

ताई, पाच वर्षांची गॅरंटी देतो आपण.

बार्शीलाइट | २० ऑक्टोबर २०२०

गॅरंटी पाण्याला दाखवायची का भिंतीला?

पांढरीचा | २१ ऑक्टोबर २०२०

मी मंगळवेढ्याचा. वय ७१. इंजिनिअर नाही, पण माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरात जन्मलो आणि चाळीस पावसाळे त्याच्याच खाली काढले, म्हणून दोन शब्द.

डोक्यावर माती घेऊन राहणं आपल्याला नवं नाही. तुळया, त्यावर सर, त्यावर किलचा, मग पाला, चिखल आणि वर वीतभर पांढरी माती. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून आणायची. काळी कधी नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, पांढरी तशी फाटत नाही. शिवाय तिच्यात खार, त्यामुळं गवत कमी उगवतं. आमचे वडील मृगाच्या आधी आठ दिवस माळवदावर चढायचे. उगवलेलं उपटायचं, भेगा बुजवायच्या, दोन पाट्या नवी माती पसरायची, पाणी शिंपडून धुम्मसानं ठोकायची. उतार पन्हाळाकडं आहे का ते लोटाभर पाणी ओतून बघायचं. पन्हाळ भिंतीपासून हातभर पुढं काढलेलं, पाणी भिंतीवरून ओघळता कामा नये. एवढं केलं तरी झडीच्या पावसात एखादी जागा ठिबकायचीच. मग आई खाली पातेलं ठेवायची आणि दादा पोतं डोक्यावर घेऊन वर जायचा.

आणि पेव. ज्वारी जमिनीत ठेवायचो आम्ही, वर्षं-दोन वर्षं. पेव गावातल्या उंच जागेला, पांढरीत खणायचं. तळाला आणि कडेला कडबा, भुसकट. तोंड लहान, त्यावर दगड, दगडावर माती लिंपून उंचवटा करायचा म्हणजे पाणी थांबायलाच नको. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर खाली माणूसही विझतो. ह्यात डांबर नव्हतं का केमिकल नव्हतं. जागा बघून खणायचे, बस. "पेव फुटलं" म्हणतो ना आपण, ते कुठून आलं ह्याचाही विचार करा.

तुम्ही माती घेतली पण मातीची राखण घेतली नाही. रागावू नका.

माळावरचा | २१ ऑक्टोबर २०२०

काका, रागावतोय कशाला. आजोबांच्या घराला माळवदच होतं. सानं (उजेडाचं भोक) होतं मधोमध, पाऊस आला की त्यावर पाटी उपडी घालायला मलाच पळवायचे. हे सगळं माहीत असून मी काळी माती घातली, ह्याचंच आश्चर्य वाटतंय.

तुळई | २१ ऑक्टोबर २०२०

पांढरीचा काका, सुंदर लिहिलंत. चीनमध्ये पिवळ्या मातीच्या पठारावर लोक जमिनीत चौक खणून चारी बाजूंनी खोल्या काढतात. तिथं घरांच्या डोक्यावरची जमीन पिकाला लावत नाहीत. गवत काढून, पाऊस झाला की दगडी रूळ फिरवून घट्ट करतात. तुमच्या धुम्मसाचाच भाऊ. हिरवीगार लॉन असलेलं मातीचं छत चित्रात छान दिसतं, पण त्याच्या पोटात पक्कं आवरण नसेल तर मुळं पाण्याला वाट दाखवतात.

बार्शीलाइट | २२ ऑक्टोबर २०२०

एक शंका, ह्या वेळी खरीखुरी. बाहेरच्या देशांत जमिनीतल्या घरांना बेंटोनाईट नावाची माती लावतात म्हणे, ती पाण्यानं फुगते आणि पाणी अडवते. आपली काळी माती पण फुगतेच की. मग ह्याच्या भिंतीला फुकटचं बेंटोनाईट लागलं होतं, तरी गळलं कसं?

तुळई | २२ ऑक्टोबर २०२०

मूर्ख शंका नाही ही. दोन्ही एकाच कुळातल्या, मॉन्टमोरिलोनाइट गटातल्या मातीच्या. फरक असा की बेंटोनाईट दोन कापडांत कोंडून, वरून घट्ट भार देऊन वापरतात. कोंडलेलं असल्यामुळं ते फुगून स्वतःच्याच फटी बुजवतं. आणि ते कायम ओलसर राहिलं तर उत्तम. आपल्याकडे आठ महिने कोरडे. वाळणं-भिजणं, वाळणं-भिजणं होत राहिलं आणि जमिनीतल्या पाण्यात चुना असेल तर त्याचं फुगणं वर्षागणिक कमी होतं. म्हणून सोलापुरात मी ते सुचवत नाही.

काळ्या मातीचं तर दुहेरी दुखणं. मेमध्ये ती भिंतीपासून सुटून मागं सरते, मध्ये बोटभर फट. पहिला मोठा पाऊस त्या फटीतून सरळ पायापर्यंत. आणि नंतर फुगली की भिंतीला आत ढकलते. शेंगाचटणी, तुमच्यासाठीही हेच. आठ फूट काळीत तळघर घेणार असाल तर भिंतीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. नऊ इंची विटांची भिंत तो जोर घेणार नाही. भराव मुरमाचा. आणि पायाकडचं पाणी नेणारा चर बाहेर कुठं काढणार ते आधी सांगा. सपाट प्लॉटवर तळाचं पाणी आपोआप बाहेर जायला जागाच नसेल तर सम्प (पाणी गोळा करायचा खड्डा) आणि मोटार आली. मोटार विजेवर. आणि सोलापुरात जोराचा पाऊस आला की पहिल्यांदा काय जातं ते मी लिहायची गरज नाही.

शेंगाचटणी | २२ ऑक्टोबर २०२०

गाडी अंगणातच लावतो.

शहाबादी | २३ ऑक्टोबर २०२०

मी अक्कलकोटचा, फरशीचा धंदा. तळघराला आपल्याकडं शहाबादी फरशीची पेटी करायची जुनी पद्धत आहे, ती कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. आधी पीसीसी (सळई नसलेलं काँक्रीट). त्यावर मसाला घालून खडबडीत शहाबादी फरशी बसवायची, सांधे भरायचे, त्यावर राफ्ट. भिंती झाल्या की बाहेरून चारी बाजूंना फरशी उभी लावायची, फरशी आणि भिंत ह्यांमध्ये इंच-दीड इंच जागा सोडून ती सिमेंटच्या पातळ मालानं भरायची. वरून अजून एक थर. खालून वरपर्यंत पेटी. फरशीचा दगड पाणी धरत नाही. आमच्याकडं ती गाडीभर येते, जवळच खाणी आहेत.

तुळई | २३ ऑक्टोबर २०२०

पद्धत चांगली आहे, कारागीर तुमच्यासारखा असेल तर. तिचा जीव सांध्यांत. एक फरशी पोकळ बसली तर पाणी पेटीत शिरतं आणि मग कुठून शिरलं ते शोधता येत नाही, कारण मधल्या थरातून फिरून ते भलतीकडंच निघतं. माळावरचांच्या घराच्या खाली आता पेटी घालता येणार नाही.

माझं मत: उन्हाळा येऊ द्या, जमीन वाळू द्या, मग तिन्ही बाजू पायापर्यंत उघड्या करा. ह्या घराला एक वरदान आहे. खाली ओढ्याकडं उतार आहे, म्हणजे चर मोटारीशिवाय वाहील. पाण्याशी कुस्ती खेळायची नाही, त्याला जायला वाट करून द्यायची. आवरण, शीट, केमिकल ही सगळी दुसरी फळी.

कालवाकाठ | २४ ऑक्टोबर २०२०

मोहोळकडचा आहे. आमच्या तळघरात एप्रिलमध्ये पाणी आलं, कडक उन्हाळ्यात! सगळे म्हणाले टाकी फुटली. टाकी कोरडी करून बघितली. शेवटी लक्षात आलं, उजनीच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की चार-पाच दिवसांनी येतंय. शेजारचा ऊस भिजला की आमची फरशी भिजते. तेव्हा पावसाचंच धरून बसू नका, आजूबाजूला ओलीत काय आहे तेही बघा. आम्ही शेवटी चोपण (खारवट, पाणी न निचरणाऱ्या) जमिनीच्या निचऱ्याला घालतात तो भोकं पाडलेला पाइप बांधावरून फिरवला. बराच फरक पडला.

माळावरचा | ३० मे २०२१

मंडळी, गायब झालो होतो. काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

मार्चअखेर जेसीबीनं तिन्ही बाजू उघड्या केल्या. शेवटची दोन फूट माती हातानं काढली, भिंतीला दात लागू नये म्हणून. आत काय सापडलं बघा. डांबर मातीला चिकटून निघून आलं, भिंतीवर नावालाच. आडव्या सांध्यात वॉटरस्टॉप नव्हताच, उलट सिमेंटच्या पिशवीचा एक तुकडा अडकलेला. दक्षिण भिंतीत एका जागी काँक्रीट मधाच्या पोळ्यासारखं, खडी उघडी, स्क्रूड्रायव्हर चार इंच आत गेला. सेंट्रिंगच्या सळयांची भोकं नुसत्या मातीनं बुजलेली. भिंतीवर आतून जिथं जिथं लोणा (ओलीनं फुटलेला पांढरा खार) धरला होता, बाहेरून तिथं तिथं बरोबर काहीतरी निघालं. लोणा हा नकाशाच होता, मला वाचता आला नाही.

तुळईताईंनी फोनवरून (आणि एकदा प्रत्यक्ष येऊन, हुरडा संपला होता म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर भागवलं) सांगितलं तसं केलं. पोकळ भाग फोडून न आकसणाऱ्या ग्राउटनं भरला. सांधा खाचा पाडून भरला. भिंत आणि पाया मिळतात तिथं वाटा घेतला (कोपरा सिमेंटनं गोलसर केला), म्हणजे शीट काटकोनात दुमडून फाटत नाही. मग प्रायमर आणि ४ मिलिमीटरची डांबरी मेम्ब्रेन, गॅसच्या ज्योतीनं वितळवून चिकटवलेली, जोडाला चार इंच एकावर एक. तिच्यावर गाठीगाठींची प्लास्टिक शीट, म्हणजे भरावातला दगड मेम्ब्रेनला टोचत नाही आणि पाणी गाठींमधून खाली उतरतं.

पायाच्या कडेनं चार इंची भोकांचा पाइप, १०० फुटांना एक फूट उतार. पाइप खडीत, खडी कापडात गुंडाळलेली, नाहीतर मातीचा गाळ बसून दोन वर्षांत पाइप मरतो. एक गंमत: प्लंबरनं भोकं वर करून पाइप टाकला. "पाणी वरून येतंय ना साहेब!" ताई नसत्या तर तसाच गाडला असता. भोकं खालच्या अंगाला ठेवायची, म्हणजे साठणाऱ्या पाण्याची पातळी पाइपाच्या बुडालाच पकडली जाते. पाइप ओढ्याच्या काठावर काढला, तोंडाला जाळी. जाळी सापांसाठी.

भराव मुरमाचा, फूट-फूट थरानं, पाणी मारून ठोकलेला. रस्त्यावर टाकलेला मुरूम परत उचलून आणला. गावानं बघितलं.

स्लॅबवरचा कोबा ठेवला, उतार वाढवून घेतला, त्यावर मेम्ब्रेन. माती घालायच्या आधी चारी बाजूंनी बांध घालून तीन दिवस पाणी कोंडलं. दुसऱ्या दिवशी हवेच्या पाइपाजवळ ओल दिसली. ती कॉलर परत केली, परत तीन दिवस. मग काही नाही. हे माती घातल्यावर कळलं असतं तर? ह्या एका चाचणीसाठी लागलेलं पाणी टँकरनं आणलं, एप्रिलमध्ये, लोकांच्या शिव्या खात.

वर छत्री केली. मातीच्या फूटभर खाली जाड पॉलिथीन, छतावरून निघून भिंतींच्या पुढं दहा फूट बाहेर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पाऊस भिंतीजवळ मुरतच नाही. ही युक्ती अमेरिकेतल्या मोंटानामध्ये जमिनीत घर बांधणाऱ्यांनी पुढं आणली, तिथं मुख्य हेतू माती कोरडी ठेवून तिच्यात उन्हाळ्याची ऊब साठवायची. आपल्याला ऊब नको, कोरडी माती हवी. सगळ्यात वर, चढाच्या बाजूला, घरापासून तीस फुटांवर आडवा चर. माळावरचं पाणी तिथंच वळून बाजूनं ओढ्याला. हा चर सगळ्यात स्वस्त, जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम. तो पहिल्या वर्षीच खणला असता तर कदाचित गादी वाचली असती.

फरशीही उखडली. खाली वीतभर खडी, त्यातला पाइप बाहेरच्या चराला जोडला, आणि फरशी एक फूट वर घेतली. उंची साडेनऊची साडेआठ झाली. कोपऱ्यात एक उभा पाइप ठेवलाय, झाकण काढून काठी घातली की फरशीखाली पाणी किती आहे ते कळतं.

खर्च विचारू नका. विचारणारच आहात, तर १ लाख ९० हजार, आणि पहिल्या वेळी हेच केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

पांढरीचा | ३१ मे २०२१

छान. मृग आठवड्यावर आलाय. छतावर चढलात का?

माळावरचा | ३१ मे २०२१

उद्याच चढतो काका.

माळावरचा | १२ ऑगस्ट २०२१

पाणी नाही! पण ईशान्येच्या कोपऱ्यात कपाटामागं कुबट वास येतोय, भिंत हाताला गार लागते. गळती परत सुरू झाली की घाम धरलाय?

तुळई | १२ ऑगस्ट २०२१

हातभर प्लास्टिक घ्या आणि भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा. दोन दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली वाफ, मागच्या बाजूला असेल तर भिंतीतून येतंय.

माझा अंदाज, दोन्ही नसेल. खोल जमिनीचं तापमान वर्षाच्या सरासरीएवढं असतं, सोलापुरात २७ च्या आसपास. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू २१-२२. भिंत त्याहून गरम, म्हणजे थंड देशांतल्या तळघरांसारखं दव तुमच्या भिंतीवर सहसा धरणार नाही. पण बाहेरची दमट हवा आत येऊन थोडी गार झाली की तिची आर्द्रता वाढते, आणि कपाटामागं ती हलत नाही. बुरशीला तेवढं पुरतं. कपाट वीतभर पुढं ओढा, वरची झडप उघडी ठेवा.

माळावरचा | १५ ऑगस्ट २०२१

दोन्ही बाजू कोरड्या. कपाट ओढलं. ताई, तुम्हाला नमस्कार.

शेंगाचटणी | १६ ऑगस्ट २०२१

उन्हाळ्यात गारवा किती मिळाला ते सांगितलंच नाही. सगळा खटाटोप त्यासाठीच होता ना?

माळावरचा | १६ ऑगस्ट २०२१

मेमध्ये बाहेर ४२ असताना आत ३०-३१. सकाळ-दुपार फरक जेमतेम एक अंश. एसीसारखं नाही, पण झोप लागते. ताई म्हणतात दीड फूट मातीनं दिवसाची उष्णता थांबते, ऋतूची नाही, त्याला कितीतरी जास्त माती लागेल. तेवढी माती पेलायची म्हणजे स्लॅब धरणासारखा. ६०० चौरस फुटांवर दीड फूट ओली माती म्हणजेच ४५-५० टन होते. त्यापेक्षा वर मांडव घालून सावली केली, पुढच्या वर्षी बघू.

माळावरचा | २९ सप्टेंबर २०२५

धागा चार वर्षांनी वर काढतोय, माफ करा.

मधली वर्षं सुखाची. दर मेअखेरीस छतावर चढतो. दोन वर्षांपूर्वी घुशीनं छत्रीचं पॉलिथीन एका जागी फाडून बीळ केलं होतं, तेवढं ठिगळ लावलं. कडुनिंबाची रोपं उगवतात, ती बोटाएवढी असतानाच उपटतो.

ह्या महिन्यात सीनेला आलेला पूर सगळ्यांनी बघितलाच आहे. कित्येकांची घरं गेली, तिथं माझ्या घराचं काय कौतुक. पण ह्या धाग्यासाठी एक गोष्ट नोंदवायला हवी. आमचा ओढा पुढं सीनेलाच मिळतो. पाणी पुढं सरकेना म्हणून ओढा तुंबला आणि माझ्या पाइपाच्या तोंडाच्या वर चढला. म्हणजे बाहेर जायची वाट तीच आत यायची वाट झाली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री अकराला उभ्या पाइपात काठी घातली. फरशीच्या दीड फूट खाली पाणी. एकला एक फूट. बायको म्हणाली सामान हलवू या, तर पावसात हलवणार कुठं? तीनला आठ इंच. साडेतीनलाही आठच. मग पहाटेपर्यंत तसंच, आणि उजाडता उजाडता उतरायला लागलं. ती फूटभर वर घेतलेली फरशी नसती तर २०२० चीच पुनरावृत्ती होती. भिंती कोरड्या.

तुळई | २९ सप्टेंबर २०२५

ही माझी चूक. पाइपाच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप तेव्हाच बसवायला हवी होती. ओढ्याची पूररेषा मी विचारलीच नाही, ओढा कोरडा बघून गेले. आता झडप लावा, पण तिच्यात काडीकचरा अडकतो, दर पावसाच्या आधी हातानं उघडून बघावी लागेल. आणि झडप बंद असताना तुमच्या बाजूचं पाणीही आत अडकतं, त्यासाठी उभ्या पाइपाच्या जागी लहान सम्प करून ठेवा. मोटार इन्व्हर्टरवर.

पांढरीचा | ३० सप्टेंबर २०२५

ओढ्याचं पाणी पूर्वी कुठवर आलतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. वडाच्या नाहीतर देवळाच्या खुणा ते सांगतात.

माळावरचा | ३० सप्टेंबर २०२५

विचारलं काका. मारुतीच्या कट्ट्याला १९५६ ची खूण आहे म्हणतात, ह्या वेळच्या पाण्यापेक्षा हातभर वर. झडप आणायला उद्या सोलापूरला जातोय.

बार्शीलाइट | ३० सप्टेंबर २०२५

आणि गादी?

माळावरचा | ३० सप्टेंबर २०२५

कॉटवर. अडीच फूट उंच करून घेतलाय बे, २०२१ लाच.